बाजाराची गोळी

हंसा घरात स्वस्थ बसली आहे, असं कोणी झाईच्या बंदरावर येऊन सांगितलं असतं, तर लोकांनी सांगणाऱ्यालाच ऊन लागलं समजून सावलीत बसवलं असतं. या बाईच्या पायाला भिंगरी. सकाळी बोंबील वाळत टाकायचे, दुपारी सुकलेले उतरवायचे, आणि आठवड्यातले तीन दिवस टोपली टेम्पोत चढवून तलासरी, उधवा, आशागड असे बाजार करायचे. लग्नात ती पंगतीला शेवटी बसायची आणि सगळ्यांच्या आधी उठायची. तिचा नवरा काळू होडीवर जाणारा, शांत गडी. तो म्हणायचा, "ही भरतीला पण सांगंल, जरा लवकर ये, मला कामं हायेत."

आणि नेमकं हिलाच आठ महिने घरात बसावं लागलं.

सुरुवात बोटांपासून झाली. या किनाऱ्यावर बोंबील वाळत घालायची एक रीत आहे. दोन बोंबील घ्यायचे, एकाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवायचा आणि ती जोडी उभ्या बांबूंच्या मांडवावर, म्हणजे वलांडीवर, ताणलेल्या दोरीवर टाकायची. ना सुतळी, ना खिळा. हंसा बोलता बोलता हे करायची, हाताकडे बघायचीसुद्धा नाही. नोटाबंदीच्या पुढच्या वर्षी, होळीच्या सुमारास, एका सकाळी तिच्या हातून जबडा उघडेना. बोटं सुजून केळ्यांसारखी झाली होती. मग मनगटं धरली, मग गुडघे. सकाळी अंथरुणातून उठायला दुसऱ्याचा हात लागायला लागला, आणि दुसऱ्याचा हात घेणं म्हणजे हंसाला मेल्याहून मेल्यासारखं.

तेल झालं, शेक झाला, भगत झाला. पावसाळाभर तिनं कोणी सांगेल तो पाला बांधला. शेवटी काळूनं तिला वापीच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं आणि समजावून सांगितलं, "हा म्हातारपणाचा वात नाही. हा आमवात. दाराशी राखणीला कुत्रा ठेवावा आणि तो घरच्यांनाच चावत सुटावा, तसं तुमच्या अंगाचं झालंय. त्या कुत्र्याला शांत करायचं औषध देते."

औषध म्हणजे एक बारकीशी पिवळी गोळी.

"ही आठवड्यातून एकदाच. एकदाच म्हणजे एकदाच. रोज घ्यायची नाही. कोणता वार लक्षात राहील तुमच्या?"

हंसाला वार कसले, बाजार माहीत. "तलासरीचा बाजार," ती म्हणाली.

"मग तलासरीच्या बाजाराच्या दिवशी घ्या. गुण यायला दोन-तीन महिने लागतील, घाई करू नका. आणि दर महिन्याला रक्त तपासून मला दाखवायचं."

दुखणं येतं हत्तीच्या पावलानं आणि जातं मुंगीच्या पावलानं, हे सगळ्यांनाच ठाऊक असतं. पण मुंगीच्या मागून चालायचं कसं, हे हंसाला कोण शिकवणार?

घरी बसून तिचं लक्ष एकाच गोष्टीवर होतं, तलासरीच्या बाजारातली चिंचेखालची जागा. ती जागा तिच्या सासूची. त्या बाजाराचा कायदा कुठे लिहिलेला नाही, पण मोडायची कोणाची टाप नाही. एका घरची एक जागा, एका जागेवर एकच टोपली, आणि जागा ओळीनं तीन बाजार रिकामी राहिली की ज्याची टोपली येईल त्याची. सासूनं दोन सुनांतून हंसाला निवडलं ते हातासाठी नव्हे, जिभेसाठी. हंसा बोंबलाचा तुकडा चावून सांगायची, आतून सुकलाय की नुसता वरून. ओला माल पावसाळ्यापर्यंत टिकत नाही, बुरशी धरतो, आणि पाड्यांवरच्या बाया तर पावसाळ्यासाठीच साठवण घेतात. हंसानं चावून दिलेला माल म्हणजे भादव्यापर्यंत बिनघोर.

आता त्या जागेवर रुपल बसत होती. रुपल म्हणजे धाकट्या दिराची बायको, उंबरगावकडची, हसरी, बोलण्यात चटपटीत. बसली नसती तर जागा गेलीच असती, हे हंसाला कळत होतं. पण कळणं वेगळं आणि सोसणं वेगळं. संध्याकाळी टेम्पोचा आवाज आला की हंसा उंबऱ्यात येऊन उभी राहायची आणि रुपलच्या डोक्यावरची टोपली किती रिकामी झाली ते बघायची. रिकामी असली तर वाईट वाटायचं. भरलेली असली तरी वाईटच वाटायचं.

दिवाळी झाली, बोंबील मुबलक यायला लागले, आणि हंसाची बोटं जरा सुटायला लागली. दुपारपर्यंत मूठ मिटायची. एवढं पुरे झालं. ती रुपलच्या दारात जाऊन उभी राहिली.

"या बाजारापासून मी बसते."

रुपलनं भाकरी थापता थापता वर पाहिलं. "जागा तुझीच हाय, वयनी. मी कवा नाय म्हटलं? पण बसायचं तर होळीपर्यंत सलग बस. आज तू, उद्या मी, परवा कोणीच नाय, असं झालं तर गिऱ्हाईक दोघींचं पण जाईल. आणि मधे उठलीस, तर मंग मी परत उठणार नाय."

बोलणं कडू होतं, पण खोटं नव्हतं. हंसा म्हणाली, "होळीपर्यंत काय, दिवसाची होळी झाली तरी उठत नाय."

पहिला बाजार तलासरीचाच. पहाटे उठून हंसानं बोटं कोमट पाण्यात बुडवून ठेवली, पिवळी गोळी गिळली आणि जिग्नेशच्या टेम्पोत चढली. बोर्डी मागे पडली, चिकूच्या वाड्या मागे पडल्या. चिंचेखाली टोपली टेकवली तेव्हा शेजारच्या जागेवरची बायजी दोन्ही हात वर करून हसली. बायजी सुक्या मिरच्या आणि डांगर विकायची, हंसाच्या सासूच्या वेळेपासूनची. "आलीस गे! मला वाटलं, मेलीस."

"मेले असते तर तुला मिरच्या मागायला आले असते," हंसा म्हणाली. त्या दिवशी ऊन छान होतं, बोटं चालली, तागडी धरता आली, आवाज लांबपर्यंत गेला. "ए, सुका बोंबील! कडक बोंबील!" टोपली दुपारीच रिकामी झाली. येताना टेम्पोत ती गप्प बसली नाही की बसलीही नाही, दांड्याला धरून उभीच राहिली.

पुढचा बाजार उधव्याचा. त्या दिवशी पहाटे गार वारा होता, बोटं लाकडासारखी झाली होती, आणि भर बाजारात तागडी हातातून सुटून मापं मातीत गडगडली. पोरं हसली. संध्याकाळपर्यंत ती बातमी रुपलच्या अंगणात पोचली, कारण जिग्नेशच्या पोटात पाणी टिकत नाही, बातमी कुठली टिकायला! रुपल नुसती हंसाच्या हातांकडे बघत राहिली, आणि ते बघणंच हंसाला टोचलं.

रात्रभर हंसानं एकच हिशेब केला. तलासरीला गोळी घेतली, हात चालले. उधव्याला घेतली नाही, हात गेले. प्रत्येक बाजाराची बोहणी वेगळी, मग प्रत्येक बाजाराची गोळीही वेगळी नको का? डॉक्टरीणबाईंना काय ठाऊक, त्यांना तलासरी सोडली तर दुसरा बाजार कोणी सांगितलाच नव्हता. "एकदाच म्हणजे एकदाच" हे शब्द तिला आठवत होते, अगदी स्वच्छ आठवत होते. पण ते घरात बसलेल्या बाईसाठी सांगितले होते, अशी तिनं आपली समजूत घातली. समजूत घालायला माणसाला दुसरं कोणी लागत नाही, तेवढ्यापुरता आपला हात जगन्नाथ.

आशागडच्या बाजाराला तिनं गोळी घेतली. ऊन पडलं होतं, हात चालले. झालं, शिक्कामोर्तब झालं.

मग बाजार तिथे गोळी. रक्त तपासायचा दिवस आला आणि गेला. काळू म्हणाला, "वापीला जाऊन येऊ." ही म्हणाली, "होळी झाल्यावर." हात खरोखरच सुधारत होते. जबडे अडकवायला लागली, लुगड्याची गाठ स्वतः मारायला लागली. अंगात मात्र एक विचित्र थकवा भरला होता, चढ नसलेल्या वाटेवर दम लागायचा. हंसा थकव्याशी भांडायची. बसली की उठायची, उठली की काय करायला उठलो ते विसरायची, पुन्हा बसायची.

आणि एके दिवशी सकाळी चहा तोंडाला झोंबला.

आधी एक फोड आला, जिभेच्या कडेला. मग गालाच्या आत, मग ओठाच्या आत. तिखट बंद झालं, मग भाकरी बंद झाली. ती पेज पिऊ लागली. काळूनं विचारलं तर म्हणाली, "उष्णता." बाजारात ओरडायला तोंड उघडलं की कोणी तरी आतून सोलतंय असं वाटायचं, म्हणून ती टोपलीसमोर बसून नुसती हात हलवायची. हात आले आणि तोंड गेलं! तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच, फक्त दाबणारीही तीच आणि मारणारीही तीच.

सगळ्यात वाईट म्हणजे तिनं माल चाखणं सोडलं. वाकवून बघायची, मोडताना कट् आवाज आला की समाधान मानायची. मधे दोन दिवस आभाळ आलं होतं. त्या दिवसांतले बोंबील वरून कडक, आतून नरम राहिलेले. जिभेला ते लपत नाही, कानाला लपतं. ती पाटी तशीच टोपलीत भरली गेली आणि तलासरीला आली.

त्या दिवशी संगिता आली. ही एका पाड्यावरची, हंसाचं जुनं गिऱ्हाईक. घरात लग्न होतं, तिला मोठी साठवण घ्यायची होती. सोबत तिच्या भावकीतल्या चार बाया, सगळ्या टोपलीभोवती बसल्या.

"हंसाबेन, चाखून दे," संगिता म्हणाली.

ही तिथली रीत. विकणारीनं गिऱ्हाइकासमोर तुकडा मोडायचा, स्वतः चावायचा, गिळायचा आणि मग "सुकलाय" म्हणायचं. सासू तसं करायची, हंसा तसं करायची. हंसानं एक बोंबील उचलला. मोडला. बायजी मिरच्या सोडून तिच्याकडे बघत होती.

हंसानं तुकडा तोंडात टाकला आणि चावला.

तो खारट, खरखरीत तुकडा उघड्या जखमांवरून फिरला तसं तिच्या डोळ्यांपुढे चिंच, बाजार, संगिता सगळं पांढरं झालं. डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. तरी ती चावत राहिली. थुंकली तर जागा गेली, हे एकच तिच्या डोक्यात होतं. तुकडा गिळला. चव म्हणून काहीच कळली नव्हती, नुसती आग कळली होती. तरी ती म्हणाली, "सुकलाय. बेस हाय."

संगितानं दुसरा तुकडा स्वतःच्या तोंडात टाकला, क्षणभर चावला आणि हातावर काढला. "आतून ओला हाय गे," ती म्हणाली. रागानं नाही, आश्चर्यानं म्हणाली, आणि तेच जास्त लागलं. मग तिची नजर हंसाच्या तोंडाकडे गेली. "अगो बाय! रगत!"

हंसानं पदर लावला. पदर लाल झाला. उरलेल्या अर्ध्या बोंबलावरही लाल डाग होता. चारही बाया मागे सरकल्या. बायजीनं मिरच्यांवर फडकं टाकलं, उठून आली आणि हंसाची हनुवटी धरून तोंड उघडलं, लहान पोराचं उघडतात तसं. आत बघून तिनं टोपलीवर फडकं झाकलं आणि जिग्नेशला हाक मारली. हंसाचं अंग तापलं होतं. ते तिला बायजीचा हात लागला तेव्हाच कळलं.

वापीला डॉक्टरीणबाईंनी पाकीट हातात घेतलं, मोकळ्या झालेल्या जागा पाहिल्या.

"रोज घेतल्या?"

हंसाला बोलता येत नव्हतं. तिनं तीन बोटं दाखवली. मग काळूकडे बघितलं. काळूला त्या तीन बोटांचा अर्थ हळूहळू लागला. "बाजार," तो म्हणाला. "तीन बाजार करते ती. बाजाराला एक घेतली, बाई."

डॉक्टरीणबाई आधी संतापल्या, मग खुर्ची ओढून पलंगाशी बसल्या. "अहो, हे औषध उलटलं तर माणूस जातं. रक्त किती खाली आलंय तुमचं! आणि ऐका, हात तुमचे जास्तीच्या गोळ्यांनी नाही सुटले. आठवड्याच्या त्या एका गोळीनंच सुटत आले होते. तीन महिने म्हटलं होतं ना मी? होतच आले होते तीन महिने."

हंसानं भिंतीकडे तोंड फिरवलं. बाकी सगळं तिनं सोसलं होतं, हे सोसेना. काहीही न करता, नुसती थांबली असती तरी हात आले असते! आयुष्यात जे एक काम तिला कधीच जमलं नाही, तेवढंच करायचं होतं. ती रडली, मोठ्यानं रडली, आणि तोंड दुखलं म्हणून आणखी रडली.

गोळी बंद झाली, सलाईन लागलं, तोंड धुवायचं औषध आलं. घरी यायला बरेच दिवस लागले. त्या दिवसांत तलासरीचे किती बाजार झाले ते हंसानं कोणाला विचारलं नाही. विचारायची हिंमत नव्हती.

हंसा घरी आली त्याच संध्याकाळी रुपल तलासरीचा बाजार करून आली. तिनं टोपली ओटीवर ठेवली आणि पाय पसरून बसली.

"संगिताला दुसरा माल दिला," ती म्हणाली. "लग्नाचं घर, वाईट दिसतं. पण तिनं मला पण सांगितलं, चाखून दे. मी चाखला. मला काय कळतंय, वयनी? मला सगळे बोंबील एकसारखेच लागतात. मी आपली हो म्हटलं आणि देवाला हात जोडले."

हंसा तिच्याकडे बघत राहिली. इतके महिने तिनं रुपलची टोपली बघितली होती. रुपलला रात्री झोप लागत नसेल, असं तिच्या कधी मनातही आलं नव्हतं.

"मधे उठले मी," हंसा म्हणाली. जीभ अजून जड होती. "शब्द तुझा हाय. जागा तुझी."

"मी नुसती जागा घेऊन काय करू? चिंचेला विचारू, सुकलाय का?"

हंसा उठली, दारापर्यंत गेली, परत आली, बसली. मग एकदम म्हणाली, "उधवा तू कर. आशागड तू कर. तलासरी मला दे. आठवड्याचा एकच बाजार. डॉक्टरीण परत गोळी चालू करंल, ती पण एकच."

"आणि त्या दिवशी हात सुजले तर?"

"तर तू बस. एका जागेवर एक टोपली, मी कुठं मोडते? पण टोपली कुणाच्या पण डोक्यावर असू दे, मी चाखल्याबिगर घरातून हलायची नाय."

रुपलनं थोडा विचार केला. भोळी नव्हती ती. "आणि तू चाखायला नाय म्हणालीस तर?"

"मला पुरती घरी बसवून ठेव, म्हणजे नाय म्हणंन," हंसा म्हणाली, आणि दोघी हसल्या. हंसाचं हसणं अर्ध्यातच थांबलं, ओठ चिरला म्हणून.

तोंड पुरतं भरून यायला होळी जवळ आली. नवीन गोळी सुरू झाली, कमी ताकदीची, आठवड्याला एक. काळू पाकीट आता स्वतःजवळ ठेवायचा आणि तलासरीच्या पहाटे तिच्या तळहातावर टाकायचा. रक्त तपासायला ती स्वतःहून जायची, कुरकुरत जायची, पण जायची. तलासरीचा दिवस बरा जायचा. उधव्याचा दिवस मात्र तिला खायला उठायचा.

एक दिवस असाच उधव्याचा बाजार होता. पहाटे तिची बोटं आखडलेलीच होती. वाडीच्या तोंडाशी जिग्नेशनं हॉर्न वाजवला आणि हंसाचे पाय आपोआप अंगणात आले. बाया चढत होत्या, टोपल्या वर जात होत्या. ती परत आत गेली, पेटवायची नव्हती ती चूल पेटवली, परत बाहेर आली. आठ महिने बसून काढले तेव्हा दुखणं तरी सोबतीला होतं. आता बरी होती आणि तरी मागे राहायचं होतं, आणि हे तिला कोणत्याच गोळीनं पचत नव्हतं.

टेम्पोतून रुपल उतरून धावत आली. तिच्या हातात बोंबील होता.

"ही कालची पाटी राहिली चाखायची, वयनी. लवकर."

जिग्नेशनं पुन्हा हॉर्न दिला. हंसाला बोंबील मोडता येईना, बोटं ऐकत नव्हती. रुपलनं मोडला आणि तुकडा तिच्या तोंडात घातला. हंसानं डोळे मिटले. सावकाश चावलं, या बाजूनं, मग त्या बाजूनं. टेम्पोतल्या बाया ओरडायला लागल्या, उशीर होतो, ऊन चढतंय, काय करताय? हंसाला पहिल्यांदाच कसली घाई नव्हती. तुकडा गोड लागत होता, आणि मधोमध, अगदी बारीक, ओल लागत होती.

"अजून एक ऊन पायजे," ती म्हणाली. "ही पाटी उतरव."

"अगो, टोपली अर्धी होईल."

"अर्धीच ने."

रुपलनं कपाळावर हात मारला, पण पाटी उतरवली. टेम्पो धूळ उडवत बोर्डीच्या वाटेला लागला. हंसा अंगणात चटई पसरून बसली आणि आखडलेल्या बोटांनी एकेक बोंबील उन्हाकडे करून ठेवू लागली. मधे दोनदा उठली, वाटेकडे बघितलं, आणि दोन्ही वेळा परत येऊन बसली.